जुन्या कस्टम फिशिंग रॉडची दुरुस्ती आणि मूळ बांधणीची जपणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना, कुणीतरी हाताने बांधलेला रॉड हाती आला की पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो तो सगळं खरवडून नव्याने बांधण्याचा. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अशा रॉडमध्ये म्हातारा होतो तो दोऱ्यावरचा थर. त्याखालचा दोरा सहसा धडधाकट असतो. खालची सगळी उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

रॉडची बांधणी म्हणजे नेमका कोणता भाग?

रॉडच्या मूळ दांड्याला, म्हणजे ब्लँकला, गाईड (मासेमारीची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या) बसवताना त्यांच्या पायांवर दोरा शेजारी शेजारी घट्ट गुंडाळतात. हे वेढे म्हणजे बांधणी. काही रॉडमध्ये गाईडच्या पायाखालीही वेढ्यांचा एक थर असतो, त्याला अंडररॅप म्हणतात. कडेला दुसऱ्या रंगाच्या दोन-चार वेढ्यांची बारीक पट्टी असते. मुठीच्या पुढे, जिथे दांडा जाड असतो, तिथे कारागीर आपलं कसब दाखवतो: हिऱ्याच्या आकाराची नक्षी, बाणांच्या रांगा, कधी विणलेली अक्षरं.

ती जपायची कशासाठी? नवीन दोरा जास्त मजबूत नाही का?

मजबूत असेलही. पण कस्टम रॉडमध्ये ब्लँक, गाईड, रील सीट (दोरीचं रीळ जिथे बसतं ती जागा) हे बहुतेक सगळं कारखान्यातून आलेलं असतं. बांधणारा माणूस दिसतो तो रंगांच्या निवडीत, गाईडमधल्या अंतरात आणि वेढ्यांच्या शिस्तीत. बांधणी कापली की तोच माणूस रॉडमधून वजा होतो. शिवाय जुन्या दोऱ्यांच्या कित्येक छटा आता बनत नाहीत, आणि जुने रॉड जमवणारे लोक खराब झालेल्या मूळ बांधणीलाही चकचकीत नव्या बांधणीपेक्षा जास्त किंमत देतात. ती परत आणता येत नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

काम सुरू करण्याआधी काय तपासायचं?

आधी ब्लँक. तोच गेला असेल तर बांधणीवर मेहनत घेण्याआधी रॉड वापरायचा की फक्त ठेवायचा, हे ठरवावं लागेल. कापसाचा बोळा दांड्यावरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे चीर किंवा टवका असतो. फायबरग्लासमध्ये आतून मार बसलेली जागा पांढुरकी दिसते. ग्राफाइटमधली बारीक खोचही गंभीर समजा, कारण ताण आला की तो तिथूनच मोडतो. बांबूच्या रॉडमध्ये पट्ट्यांचे सांधे उकललेत का ते नखाने चाचपून बघा. हाच बोळा प्रत्येक गाईडच्या रिंगमधूनही फिरवा. डोळ्यांना न दिसणारा तडा कापसाला सापडतो.

मग फोटो. प्रत्येक गाईड दोन्ही बाजूंनी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. टोकापासून प्रत्येक गाईडपर्यंतचं अंतर, प्रत्येक बांधणीची लांबी, कडेच्या पट्टीत किती वेढे, सगळं वहीत लिहून ठेवा. पुढे एखादं गाईड काढावंच लागलं तर ही वहीच तुमचा नकाशा असते.

रॉड कोणत्या काळातला आहे याचा अंदाज कसा घ्यायचा?

ढोबळ अंदाज सामग्रीवरून येतो. षटकोनी दांडा दिसला तर तो बहुधा बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेला असतो. यासाठी चीनमधला टोंकिन बांबू वापरत. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवल्यावर तो तिथे मिळेनासा झाला आणि तोवर बाजारात आलेल्या फायबरग्लासने ती जागा घेतली. फायबरग्लास रॉड १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून दिसतात. ग्राफाइट १९७३ नंतर, फेनविक कंपनीने तसे रॉड विकायला काढल्यावर, पसरू लागला.

दोराही बोलतो. बांबूच्या काळात रेशीम, पुढे नायलॉन. पारदर्शक, किंचित बुडालेल्या रंगाची बांधणी, जिच्यातून खालचा दांडा दिसतो, ती बहुतेक रेशमाची आणि थेट व्हार्निश केलेली असते. ते दिसणं कारागिराला हवं होतं. रंग फिका पडलाय असं समजून ते ‘सुधारायला’ जाऊ नका.

दोऱ्यावर व्हार्निश आहे की इपॉक्सी, हे कसं कळेल?

उजेड तिरका पाडून भिंगातून बघा. व्हार्निशचा थर पातळ असतो, त्यातून वेढ्यांच्या बारीक रेघा वर जाणवतात. इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारा थर, जाड, काचेसारखं सपाट आणि कडांना गोलसर असतं. न दिसणाऱ्या जागी नख दाबून बघितलं तर जुनं व्हार्निश खुटकन टवका सोडतं, इपॉक्सी किंचित दबतं. दोन भागांचं इपॉक्सी या कामात १९७० च्या दशकापासून रुळलं, त्यामुळे त्याआधीच्या रॉडवर जाड काचेसारखा थर असेल तर मधे कुणीतरी हात मारलाय असं धरून चाला.

मळ आणि पिवळेपणा कसा काढायचा?

मळ निघतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. ब्रश वेढ्यांच्या दिशेने, म्हणजे दांड्याभोवती फिरवा, लांबीच्या दिशेने नको, नाहीतर उघडे धागे उचकटतात. रॉड पाण्यात बुडवून ठेवू नका. बांबूचा असेल तर ओलसर फडक्यापलीकडे जाऊच नका, जुना सरस पाण्याने सुटतो. पुसून एक दिवस वाऱ्यावर राहू द्या.

पिवळेपणा मात्र थरातच असतो. व्हार्निश वयाने मधासारखं होतं, इपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. तो घालवायचा तर थर काढावा लागतो आणि तिथे दोऱ्याला धोका सुरू होतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या पिवळेपणासाठी थर काढू नका.

स्पिरिट, अॅसिटोन, थिनर यांतलं काहीही सरसकट फिरवू नका. अल्कोहोलने शेलॅक (लाखेचं पॉलिश) विरघळतं, अॅसिटोन आणि थिनर जुनं व्हार्निश आणि दांड्यावरचा रंग दोन्ही उचलतात. सिलिकॉन असलेलं फर्निचर पॉलिश तर मुळीच नको. त्याचा अंश राहिला तर पुढचा थर जागोजागी फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

थराला तडे गेलेत, पण खालचा दोरा शाबूत आहे. काय करायचं?

हीच सर्वांत जास्त दिसणारी स्थिती, आणि जिथे बांधणी वाचते किंवा बिघडते ती जागाही हीच.

तडे बहुतेक गाईडच्या पायाच्या टोकाशी पडतात. दांडा वाकतो, धातूचा पाय वाकत नाही, आणि दोघांमधला कडक थर तुटतो. तिथून पाणी शिरतं, पाय गंजतो. गाईड हलकेच दोन बोटांत धरून हलवून बघा. जराही हलत असेल तर बांधणी आतून सुटली आहे, वरून कितीही थर चढवला तरी ती धरणार नाही. पक्कं असेल तर पुढे चला.

उजेडात तिरकं धरल्यावर काही ठिकाणी थराखाली चंदेरी-पांढरी छटा दिसेल. तिथे थर दोऱ्यापासून सुटलाय आणि मधे हवा आहे. असा सुटा पापुद्रा लाकडी टूथपिकच्या टोकाने अलगद उचला. आपणहून निघेल तेवढाच. अडला की थांबा. सुरीचं टोक किंवा ब्लेड इथे वापरू नका, एक धागा तुटला तरी त्या जागचे वेढे सैल पडायला लागतात.

मग नव्या थराला पकड मिळावी म्हणून ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलका हात फिरवा. पातळ व्हार्निशवर वेढ्यांचे माथे आधी निस्तेज होतात आणि दोन वेढ्यांमधली खाच चमकत राहते. तिथेच थांबायचं. खाचेतली चमक घालवायला गेलात तर माथ्यावरचा दोरा कापला जातो. पेपरवर पांढरी किंवा पिवळट भुकटी येणं ठीक आहे. लाल दोऱ्याच्या बांधणीवर घासताना गुलाबी भुकटी दिसली, तर तुम्ही दोऱ्यापर्यंत पोचलात, लगेच थांबा. कडेच्या पट्टीत सोनेरी-चंदेरी दोरा असेल तिथे पेपर लावूच नका. तो चकाकणारा थर फार पातळ असतो.

धूळ ओल्या फडक्याने टिपून, पूर्ण वाळवून, मग पातळ नवा थर. पातळ म्हणजे खरंच पातळ. तड्यात थर आपोआप ओढला जातो, वर भर घालायची गरज नसते. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे, शिवाय जाड थर पुढच्या वाकण्यात पुन्हा तडकतो.

काही ठिकाणी दोरा उघडा पडलाय. तिथे नवा थर दिला तर डाग दिसेल का?

दिसू शकतो. मूळ बांधताना नायलॉनवर बहुधा कलर प्रिझर्व्हर लावलेलं असतं. ते दोऱ्यात मुरून नंतरच्या थराला आत शिरू देत नाही, म्हणून रंग तसाच राहतो. उघड्या पडलेल्या जागी प्रिझर्व्हर निघून गेलेलं असेल तर इपॉक्सी धाग्यात शिरतं आणि तेवढाच ठिपका गडद होतो. तो परत फिका होत नाही.

आधी एक थेंब पाणी लावून बघा. ओला झाल्यावर दोरा जसा दिसतो, साधारण तसाच तो इपॉक्सीखाली दिसेल. गडद झाला तर वाळू द्या, अगदी कोरडा, आणि मग फक्त त्या उघड्या जागी बारीक ब्रशने कलर प्रिझर्व्हरचे दोन-तीन हात द्या. प्रिझर्व्हर आजूबाजूच्या शाबूत थरावर पसरू देऊ नका, तिथे त्याचा काही उपयोग नाही आणि वरचा थर त्यावर नीट धरत नाही. पारदर्शक रेशमी बांधणीवर मात्र प्रिझर्व्हर नको, तिथे ठिपका उलट अपारदर्शक होऊन उठून दिसेल. त्यावर थेट पातळ केलेलं व्हार्निश.

धागा उसवून लव आली असेल तर ती जाळायचा मोह टाळा. पहिल्या थराने ती बसवा, वाळल्यावर उभी राहिलेली टोकं पॉलिश पेपरने टिपा, मग दुसरा थर.

नवा थर कशाचा द्यावा, व्हार्निशचा की इपॉक्सीचा?

जे मुळात आहे तेच. मूळ व्हार्निश असेल तर चांगलं स्पार व्हार्निश (ऊन-पाण्यात टिकणारं, लवचीक), मूळ इपॉक्सी असेल तर रॉडसाठीचं इपॉक्सी. खात्री नसेल तर माझा कौल व्हार्निशला. ते हळू वाळतं, अनेक हात द्यावे लागतात, पण उद्या कुणाला काढायचं झालं तर निघतं. इपॉक्सी एकदा दोऱ्यात मुरलं की बांधणी कापल्याशिवाय निघत नाही. दुरुस्ती अशी असावी की पुढचा माणूस ती उलटवू शकेल.

जुन्या व्हार्निशवर लॅकर देऊ नका. त्यातल्या थिनरने खालचा थर सुरकुततो.

इपॉक्सी लावताना काय सांभाळायचं?

दोन्ही भाग सुईशिवायच्या सिरिंजने मोजा, अंदाजाने नाही. रॉडची बहुतेक इपॉक्सी समप्रमाणात मिसळतात, तरी बाटलीवर लिहिलेलं वाचा. दोन सिरिंज वेगळ्याच ठेवा, अदलाबदल झाली तर बाटल्याच खराब होतात. हळू ढवळा, फेस होऊ देऊ नका, मग मिश्रण अॅल्युमिनियम फॉइलवर पसरवा म्हणजे बुडबुडे निघतात आणि ते लवकर घट्टही होत नाही.

लावल्यावर रॉड आडवा ठेवून सावकाश फिरता ठेवावा लागतो, नाहीतर खालच्या बाजूला थेंब ओघळतो. छोटी मंद मोटर असेल तर उत्तम, नसेल तर थर बसेपर्यंत दर काही मिनिटांनी पाव फेरा हाताने. दमट हवेत हे काम टाळा, पृष्ठभाग चिकट आणि धुरकट राहतो. दुसऱ्या दिवशी हात लावता येतो, पण ताण द्यायला काही दिवस थांबा. हातमोजे घालाच. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

एकच गाईड खराब आहे. सगळी बांधणी काढावी लागेल?

नाही. आधी बघा, फक्त आतली सिरॅमिक रिंग गेली आहे का? चौकट ठीक असेल तर त्याच मापाच्या दुसऱ्या गाईडमधली रिंग काढून इपॉक्सीने बसवता येते आणि बांधणीला हातही लागत नाही. मोठ्या माशांच्या रॉडवर रोलर गाईड, म्हणजे रिंगेऐवजी फिरती चाकं असलेली, असतील तर रोलर स्क्रूने सुटतात. साफ करून, हलकं ग्रीस लावून परत बसवा. वाकलेली चौकट बोटांनी किंवा कापड गुंडाळलेल्या पकडीने हळूहळू सरळ होते.

चौकटच तुटली असेल तर तेवढ्या एका गाईडची बांधणी कापा. ब्लेड नेहमी पायाच्या धातूवर ठेवून, पायाच्या लांबीने ओढायचं. खाली धातू असेपर्यंत ब्लँक सुरक्षित आहे. पायाच्या बाहेर गेलेल्या वेढ्यांवर ब्लेड टेकवू नका. हेअर ड्रायरने थर थोडा मऊ केला की कापलेली बांधणी सालीसारखी सोलून निघते. अंडररॅप असेल तर तिथेच थांबा, तो मूळचा तसाच राहू द्या आणि नवीन गाईड त्यावर बांधा.

सोललेली बांधणी फेकू नका. रंग जुळवायला तीच लागणार आहे.

जुन्या दोऱ्याशी नवा रंग कसा जुळवायचा?

सोललेल्या बांधणीची आतली बाजू बघा. जिथे ऊन पोचलं नाही तिथे मूळ रंग दिसतो, आणि बहुतेक वेळा तो तुम्ही समजत होता त्यापेक्षा बराच उजळ असतो. आता ठरवायचं: मूळ रंगाशी जुळवायचं की शेजारच्या विटलेल्या बांधणीशी? मी शेजारच्याशी जुळवण्याच्या बाजूने आहे. रॉड एकसंध दिसतो, आणि काय बदललं ते वहीत लिहिलेलं असतंच.

रिळावरचा रंग बघून दोरा घेऊ नका. लाकडाच्या काडीला दांड्याचा रंग द्या, त्यावर थोडे वेढे घ्या, तोच थर द्या, वाळू द्या, मग रॉडशेजारी धरून दिवसाउजेडी बघा. दोऱ्याची जाडीही महत्त्वाची. हलक्या रॉडवर बारीक ‘ए’ मापाचा आणि जड रॉडवर जाड ‘डी’ मापाचा दोरा असतो. ‘ए’च्या जागी ‘डी’ वापरला तर रंग हुबेहूब असूनही काम परकं दिसतं. शंका असेल तर एका सेंटीमीटरमधले वेढे मोजा.

टोकाचं गाईड बदलायचंय, पण लगेच खाली नक्षीदार बांधणी आहे.

टोकाचं गाईड म्हणजे टिप-टॉप बहुतेक गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने बसवलेलं असतं. खालच्या बांधणीवर ओल्या कापडाची पट्टी गुंडाळा म्हणजे उष्णता तिथे पोचणार नाही. नळीचा वरचा भाग लायटरच्या ज्योतीने क्षणभर तापवा आणि पकडीने सरळ ओढा. पिळू नका. ग्राफाइट असेल तर ज्योतीऐवजी उकळतं पाणी बरं. नव्या टिपच्या नळीचं माप अमेरिकी पद्धतीत इंचाच्या ६४ व्या भागात दिलेलं असतं. सैल टिप गोंदाच्या भरावर बसवण्यापेक्षा योग्य मापाची शोधा.

मूठ आणि रील सीटचं काय?

कॉर्कला साबण-पाणी आणि मऊ फडकं बहुधा पुरतं. खड्डे कॉर्कच्या भुकटीत पाण्याने न सुटणारा लाकडाचा गोंद मिसळून भरा आणि वाळल्यावर बारीक पेपरने समतल करा. त्याआधी मुठीलगतच्या बांधणीवर मास्किंग टेप लावा, घसरलेला एक हात कडेची पट्टी घेऊन जातो. पूर्ण मूठ घासून गोरी करायची गरज नाही, प्रत्येक वेळी ती बारीक होते. रील सीट हलत नसेल तर तिला सोडून द्या.

दोन तुकड्यांचा सांधा अडकलाय किंवा ढिला आहे.

पिळून काढू नका, सरळ ओढा. धातूचा सांधा कापसाच्या काडीवर थोडं अल्कोहोल घेऊन आतून-बाहेरून पुसा, पण ते शेजारच्या बांधणीवर जाऊ देऊ नका. तेल लावू नका. फायबरग्लास किंवा ग्राफाइटचा सांधा ढिला असेल तर मेणबत्तीचं मेण हलकं चोळा.

दांड्यावर शाईने लिहिलेलं नाव आहे. ते पुसट होतंय.

ते वरून गिरवू नका. बांधणाऱ्याचं नाव, लांबी, क्रमांक, कधी ज्याच्यासाठी बांधला त्याचं नाव, हे सगळं थराखाली असतं आणि थर शाबूत असेपर्यंत टिकतं. या भागात पॉलिश पेपर किंवा कोणतंही द्रावण नको. थर सुटत असेल तर आधी फोटो घ्या, मग ब्रश न घासता एकाच ओढीत पातळ व्हार्निश द्या. शाई विरघळते का हे एका टिंबावर तपासून मगच.

मूळ बांधणी सोडून द्यावी अशी वेळ केव्हा येते?

गाईड हलत असेल, पायाखालून गंज फुगून वेढे वर उचलले गेले असतील, किंवा रेशीम इतकं कुजलं असेल की नखाने भुकटी होतेय. तेवढीच बांधणी बदला, सगळी नाही. मुठीपुढची नक्षी तर जवळजवळ कधीच काढायला लागत नाही. तिथे गाईड नसतं, ताणही फारसा येत नाही, त्यामुळे दोरा दांड्याला धरून असेल तोवर नवा पातळ थर पुरतो. गाईड नवी, नक्षी जुनी असा रॉड अगदी मानाने वापरता येतो.

दुरुस्तीनंतर रॉड पाण्यावर न्यायला हरकत नाही ना?

नाही, पण आधी घरी ताण देऊन बघा. दोरी सगळ्या गाईडमधून ओवून टोक जमिनीवरच्या हलक्या वजनाला बांधा, रॉड सावकाश उचला आणि दुसऱ्या कुणाला प्रत्येक बांधणी जवळून बघायला सांगा. कडेला नवीन पांढरी रेघ उमटली तर ती जागा पुन्हा बघावी लागेल. वापरून आल्यावर गोड्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत किंवा नळीत घालू नका, बंद गाडीच्या उन्हात ठेवू नका. भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा टांगून किंवा दोन-तीन ठिकाणी आधार देऊन आडवा ठेवा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर गाईडच्या पायांची टोकं भिंगातून बघत जा. नवा तडा आला तर तो तिथेच आधी दिसतो, आणि त्या टप्प्यावर टूथपिकच्या टोकावरचा व्हार्निशचा एक थेंब पुरेसा असतो.